माळ्यावरची खुर्ची

रंजना गेल्याचा मामांचा फोन आला. मी नाशिकहून चांदवडला पोचले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सुटली बिचारी." तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात गेलाय. कशातून सुटली? माझी ही मामेबहीण लुळ्या पायांनी मेली नाही. पडून पडून पाठीला झालेली जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, म्हणून मेली.

नव्वदच्या दशकात, लासलगावला न्यायच्या कांद्याच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधताना ती वरून पडली. धावत आलेल्यांनी काखेत हात घालून तिला उठवलं, बसवून पाणी पाजलं आणि जीपमध्ये दोघांच्या मधे ताठ बसवून नाशिकला आणलं. मायेनंच केलं सगळं! एक्स-रे बघून, तिला असं उठवून-बसवून आणल्याचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मोडलेला मणका सळ्या घालून बसवता येतो, आतला चिरडलेला मज्जारज्जू नाही जोडता येत, हे त्यांनी मामांना स्वच्छ सांगितलं. खुर्चीवर बसून ही पुष्कळ काही करेल, फक्त कूस बदलत राहा, पाठ जपा, हेही सांगितलं.

मामांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. घरी येताच नवस बोलले, की रंजना स्वतःच्या पायांनी देवीचा गड चढेल. मी चाकांची खुर्ची नेली, ती गुंडाळलेली तशीच माळ्यावर गेली. "तिला खुर्चीत बसवलं म्हंजी आपणच नवस मोडला, पोरी." मग सुरगाण्याच्या डोंगरातली मुळी आली, तेलं आली. दोन हजार सालानंतर तर मज्जारज्जू पुन्हा उगवून देतो म्हणणारा एक इंजेक्शनवाला आला. त्याच्या नावानं अजून माझं रक्त उकळतं... भल्याभल्यांना जे साधलं नाही, ते हा लॉजच्या खोलीत बसून विकत होता! येणारा जो तो तिच्या पायांना भेटायला यायचा. पाय चोळायचे, बोट हललं का बघायचे. पाठीकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

ती मात्र चेष्टा करायची. "ताई, यांनी माझे पायच घिऊन जावे आन् मला मोकळं सोडावं." एकदाच ती हसली नाही. म्हणाली, "मला चालायचं नाय गं. मला बाहेर जायचंय. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचंय. खुर्ची काढायला सांग ना…" मी मामांशी कडाकडा भांडले. मामा रडले, पण खुर्ची उतरली नाही.

तेराव्याला ओट्यावर तिचा फोटो मांडायचा होता. टेबल मिळेना, म्हणून कुणीतरी माळ्यावरची खुर्ची काढली. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ते मी सगळ्यांदेखत टराटरा फाडलं आणि हार घातलेली रंजना खुर्चीत ठेवली. मामांनी एका हातानं ढकललं, तर खुर्ची क्षणात दारातून बाहेर ओट्यावर आली.

"लय हलकी हाय गं ही," मामा म्हणाले.