देवाआधीचं दूध

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. त्यात हे पोटाचं दुखणं मागे लागलं. पोट रिकामं झालं की बरगड्यांखाली आग पडायची, थेट पाठीपर्यंत. दोन घास खाल्ले की थांबायची. पण आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी तोंडात काही घालायचं नाही, आणि बायकांची पानं पुरुष उठल्यावर. मी पोट दाबून पोळ्या लाटायची.

डॉक्टर म्हणाले, आत जखम आहे. दर दोन तासांनी दूध घ्या, तिखट-आंबट बंद. सासूबाई रोज सकाळी माझा पेला भरू लागल्या. मेली इतकी लाज वाटायची! देव उपाशी, सासू उपाशी आणि मी घटाघटा दूध पितेय. भिंतीकडे तोंड करून प्यायची.

चैत्रात शेजारी हळदीकुंकू होतं, सासूबाईंबरोबर मी गेले. आंब्याची डाळ पुढे आली, मी नको म्हटलं. शेजारणीनं मला दूध पिताना खिडकीतून पाहिलं होतं. ती भर बायकांत म्हणाली, "काय हो, तुमच्याकडे सुनेचं देवाआधी चालतं वाटतं?"

दुखणं सांगावं, तर पंचवटीपर्यंत बभ्रा. मूल नाही, वर दुखणाईत. मग मुलाचं दुसरं लग्न करा. मामंजींनी घरात तो विषय काढलाच होता.

सासूबाई हसल्या. "अहो, आत्ता तिला उपाशी ठेवून कसं चालेल?"

झालं! "अगं बाई, बोलली नाहीस ती!" म्हणत शेजारणीनं डाळीची वाटी माझ्या हातात कोंबली. आंबट तर हवंच ना! कैरी, हिरव्या मिरच्या, सगळं गिळलं. घरी येऊन भडाभडा ओकले. ते ऐकून तिची खात्रीच पटली.

मग कुणी चिंचा आणून दिल्या, कुणी लोणचं. मामंजींनी लग्नाचा विषय सोडला आणि माझ्या दुधाची चौकशी करू लागले. त्यांच्यासमोर मला मान वर करवेना. पोट तर खपाटीला गेलेलं. तरी खोटं कशाला सांगू, निजताना माझा हात आपसूक पोटावर जायचा.

असं किती दिवस चालणार? शेवटी सासूबाईंनीच गल्लीत सांगितलं, राहिलं नाही म्हणून. मला म्हणाल्या, "बायका येतील. जरा डोळ्याला पदर लाव, म्हणजे झालं."

पहिली आली ती शेजारीणच. माझा हात धरून तीच रडायला लागली. "होईल गं परत," म्हणाली.

मी पदर लावला आणि हुंदकाच फुटला. हमसून हमसून रडले. सासूबाई घाबरल्या, वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "पुरे गं, पुरे आता."

मला थांबताच येईना.