जुना पत्ता

शेजारी राहूनही माझ्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय तो बेल वाजवत नाही. मूळचा मार्गासनीचा, भोरमध्ये बसून पुण्यातल्या कंपनीचे बिघडलेले प्रोग्राम दुरुस्त करतो.

आईला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा नाडीचे आकडे दाखवणारा तिथला प्रोग्राम सारखा बंद पडायचा. डॉक्टरांनी यालाच बोलावलं.

"अपडेटनं आकडे ठेवायच्या आतल्या जागा हलल्यात. ह्यो आदीच लिवलेल्या जुन्या पत्त्यांवर जाऊन आपटतोय," म्हणत त्याने दुरुस्ती केली. मग आईचं मनगट धरून नाडी मोजत बसला.

"आता कुठं बंद पडतोय? मग हाताने कशाला मोजतोस?" मी म्हणालो.

"त्येचंच भ्या वाटतंय. बंद पडला तर कळतं तरी. भलत्या पत्त्यावरनं आकडा उचलून आणला, तर कुणाला कळायचं?"

मोजता मोजता त्याचे ओठ थांबले.

"सिस्टर, काकूंची नाडी लागंना!"

पडद्यावर नाडीचे ठोके अजून ब्याऐंशीच होते.