सुभेदारांची हातचक्की

सुप्याच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलाची पायरी कधी न चढलेला माणूस म्हणजे आमचे सुभेदार. सगळं गाव तिथे चहाला बसलेलं असायचं. कुणी हाक मारली तर हे रस्त्यावरूनच हात हलवून पुढे जायचे. मला म्हणायचे, "हॉटेलात कप पुढ्यात आला की मानूस गाडीची वाट बघाय लागतो. त्याला काय प्यालं म्हनायचं?"

त्यांची कॉफी घरची. मोठ्या लढाईत ते पार इटलीपर्यंत गेले होते. येताना ट्रंकेत दोन वस्तू आणल्या, एक आठ कोनांचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि एक लाकडी हातचक्की. भांड्यात खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड. वातीच्या स्टोव्हवर ठेवलं की काळी, दाट कॉफी गुरगुरत वरच्या खणात चढायची. 'एस्प्रेसो' म्हणायचे तिला, अगदी ऐटीत. भांड्यातली रबराची चकती झिजली की सायकलच्या ट्यूबमधून नवी कापायचे. बिया भिंगारच्या एका दुकानातून आणायचे, भाजलेल्या.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. माझं नवीन लग्न झालेलं, आमचे हे शाळेत मास्तर. दिवसभर घर खायला उठायचं आणि मी तर ही अशी बडबडी. सुभेदारांची बायको वारलेली, मुलगी पुण्यात दिलेली. शेजारीच घर. दुपारी मी जाऊन बसायची.

मी आले की मगच चक्कीत बिया पडायच्या. आधी कधीच नाही. चक्की गुडघ्यांत धरून ते सावकाश दांडा फिरवायचे, चांगली वीस-पंचवीस मिनिटं. इटलीत एका म्हातारीच्या घराजवळ त्यांचा तळ होता. तिचा मुलगा लढाईतून परत आलेला नव्हता. दारात येईल त्या शिपायाच्या हातात ती चक्की द्यायची. "तिची भाषा मला येत न्हवती, सूनबाई. पन चक्की फिरवाय भाषा कशाला लागती? दळाय बसलं की मानूस जरा टिकतो." निघताना चक्की तिनेच दिली म्हणे. हे सगळं मी इतक्यांदा ऐकलं आणि तरी मला काही कळलं नाही, बघा.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. मला वाईट वाटलं. एक दिवस ते नगरला गेलेले, घराची किल्ली माझ्याकडे. मी बियांचा अख्खा डबा उचलला आणि गेले पिठाच्या गिरणीत. बाजरीवर नको, गव्हावर दळून दे, म्हणून नंबर सोडून ताटकळत बसले. गिरणीवाला कुरकुरला. दोन दिवस गावाच्या चपात्यांना कॉफीचा वास येत होता, बायका मला शोधत होत्या.

मी कौतुकाने डबा पुढे केला, म्हटलं, आता महिनाभर हाताला आराम. सुभेदारांनी चिमूट घेऊन हुंगली. भांडं स्टोव्हवर चढवलं. पाच मिनिटांत कप माझ्या हातात. पिऊन झाली, बोलायला काही सुचेना, मी उठले. दाराशी आले तेव्हा मागून म्हणाले, "आज लई लवकर झाली की."

त्या वाक्यावर मी घरी येऊन रडले. पण तोंड उघडून माफी मागायचं धाडस झालं नाही. पूड संपेपर्यंत माझ्या दुपारी तशाच तोकड्या झाल्या. आणि ती संपायच्या आतच मुलगी त्यांना न्यायला आली.

ट्रंक बांधताना त्यांनी भांडं आत ठेवलं आणि चक्की माझ्या ओटीत घातली. मी म्हटलं, काका, तिकडे दळाल कशात?

"तिकडं सगळी कामाला जात्यात. पूडच आनतील. तू ठिव."

एवढंच बोलणं झालं. पुण्याची गाडी लागली, मी स्टँडवर पोहोचवायला गेले. गाडी सुटायला वेळ होता, पण हॉटेलात बसू या, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

आता नातवंडं मला पुण्यात कॉफीच्या दुकानात नेतात. छान असते तिथली, खोटं कशाला बोलू. घरी मी सुभेदारांसारखंच भांडं घेतलंय. चक्की तीच. मिक्सर आहे ना आजी, म्हणतात. आहे की. पण कुणी येऊन बसल्याशिवाय मी बियांच्या डब्याचं झाकण उघडत नाही.

अलीकडे डबा बरेच दिवस पुरतो.