डालग्याखालचं पिस्तूल

हात वर करून मी दारात उभी, हातांना तांदळाचं पीठ. समोर खळ्यात, म्हणजे अंगणात, आमचा पाववाला पदेर, त्याचे पण हात वर. त्याची सायकल आडवी पडलेली, पाव आणि गोल उंडे टोपलीतून सांडून तुळशीपर्यंत गेलेले, कोंबड्या खायला लागलेल्या, पण हाकलणार कोण, कारण आमच्या दोघांच्या मधे माझी तीन वर्षांची मुलगी होती आणि तिच्या हातात पिस्तूल होतं.

खेळण्यातलं नव्हे. खेळण्यातलं मला कळतं, चवथीला बाजारात मिळतं ते, टिकल्यांचं, हलकं. हे काळं होतं, लहान होतं आणि जड असणार, कारण तिनं ते दोन्ही हातांनी धरलेलं आणि तरी ते खाली खाली जात होतं. आधी पदेराच्या छातीवर होतं, मग पोटावर आलं, मग आणखी खाली, तसा पदेर आणखीच घाबरला.

"वयनी," तो ओठ न हलवता म्हणाला, "कालचे उंडे कडक होते, मान्य. उद्यापासून मऊ हाडतंय. हिका सांगा."

"बाय," मी म्हटलं, "ठेव गो ते खाली."

माझ्या आवाजाला ती वळली आणि ते पण वळलं. हाक मारायची नव्हती हे मला तेव्हा समजलं.

"ठो," ती तोंडानं म्हणाली.

पदेर आडवा झाला. खरोखर आडवा, कोंबड्यांच्या घाणीत. मी पण खाली बसले आणि कुठे लागलंय का बघायला पोटावर हात फिरवला, तर गाऊनवर पिठाचा पंजा उठला.

तेवढ्यात माझी सासू बाहेर आली. तिला मी मांय म्हणते. तिनं एकदा पदेराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आत जाऊन जत्रेतल्या खाज्याची कागदी पुडी घेऊन आली. "बाय, खाजा व्हया?" पुडी उघडायला दोन हात लागतात. मुलीनं पिस्तूल आजीच्या हातात दिलं आणि पुडी घेतली. मांयनं ते पदरात धरलं, खळ्यात ठेवलं, वर कोंबड्यांचं डालगं उपडं घातलं आणि डालग्यावर पाटा ठेवला. कशाला, ते पळून जाणार होतं काय, पण तेव्हा मलाही बरं वाटलं.

आलं कुठून ते सांगते. माझा घोव, म्हणजे नवरा, मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसात कामाला आहे. तिथल्या चादरी, उशीचे अभ्रे तो स्कूटरवर बोचकं बांधून घरी आणतो, मी धुते, वाळवते, इस्त्री करते. त्या सकाळचं बोचकं मी सोडून ठेवलेलं आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेले. पोरीनं चादरीत घुसून ते काढलं. म्हणजे ते घोवानं आणलेलं. मांद्र्यापासून धारगळला आमच्या घरापर्यंत, इलेक्शनचे दिवस, रस्त्यावर जागोजाग पोलीस गाड्या तपासतात, आणि हा पिस्तूल बोचक्यात घेऊन शिट्टी मारत आला असणार. चोरी पण आणि हत्यार पण. माझ्या डोक्यात एवढंच, ह्याला धरून नेणार. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला कायदा ठाऊक नाही, पण न ठाऊक असलेला कायदा जास्त मोठा वाटतो.

आणि घोव साधा नाही माझा, म्हणजे साधाच आहे, पण कौलाचा आहे. डिचोलीकडून माझं स्थळ आलं तेव्हा मांयला दुसरी पण स्थळं होती. तिनं देवाला विचारलं. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझ्या नावानं उजवी पडली. भांडण झालं की अजून तो म्हणतो, "माका काय सांगतस, देवाक सांग." तर असा देवानं दिलेला माणूस पोलिसांना द्यायचा म्हणजे.

मी फोन लावला. तो म्हणाला, "हात लावू नको. कोणाक सांगू नको. मी मालकाक विचारतंय." पण पदेर तोपर्यंत अंग झाडून सायकलवर बसून गेला होता, आणि त्याचा भोंपू आमच्या वाड्यावर, वस्तीतल्या एकेका दारात थांबत होता. थांबत होता तो जास्त वेळ थांबत होता. उंडे विकायला एवढा वेळ लागत नाही.

पहिले आले ते शेजारचे काका. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता गुडघे गेलेत, भिंत धरून चालतात. त्यांनी पाटा सरकवला, डालगं उचललं, आणि वाकून एका डोळ्यानं बघितलं.

"ही त्याची," ते म्हणाले.

"कोणाची?" मी म्हटलं. मला वाटलं मालक सापडला.

"अगो, त्या इंग्लिश पिक्चरातल्याची. काळो कोट, गळ्यात टाय. किती मारामारी जाली तरी टाय वाकडी होत नाय. आमी डिचोलीत पडद्यावर बघितला. हीच ती. कोटाच्या आत ठेवली तर फुगता म्हणून नाय."

असं म्हणून त्यांनी ते उचललं. मी पोरीला उचलून मागे सरले. काका, अंगात बनियन आणि हाफ पँट, भिंत सोडून, एक खांदा पुढे काढून आडवे उभे राहिले, हनुवटी खाली, एक भुवई वर, आणि गिरकी घेऊन तुळशीवर नेम धरला. ज्या गुडघ्यांसाठी त्यांची बायको म्हापशाला नेऊन नेऊन दमली त्या गुडघ्यांवर.

"काका, तुमच्याकडे बंदूक आहे की," मी म्हटलं. खरंच आहे. रानडुकरांसाठी, लायसनची. दर इलेक्शनला ती गोणपाटात गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करतात, परत आणतात, कोणी मान वर करून बघत पण नाही.

"ती डुकरांची," काका म्हणाले. "मोठी बंदूक भियेता तो घेता. एवढीशी घेऊन जाता तो भियेना म्हणून."

मग सगळा वाडा आला. सांगते ते खोटं वाटेल, पण एकानं पण विचारलं नाही की हे पोलिसांत कधी देणार. प्रत्येकाला एकदा हातात हवं होतं. आणि हातात घेतलं की प्रत्येक जण तसाच, आडवा, हनुवटी खाली, भुवई वर. पिक्चर न बघितलेले पण. मासळीवाली आली, पाटी डोक्यावर तशीच, तिनं धरलं, तिची पण भुवई वर. शाळेच्या मास्तरांनी आधी चष्मा काढला. पंचायतीतला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "फोटो काढ, पण तोंड येऊ दी." मांयला मी म्हटलं, तुम्ही तरी नको, तर ती म्हणाली, "मी कित्याक धरतंय," आणि मी पोरीचं नाक पुसून वर बघते तर पदर खांद्यावर टाकून ती काजीच्या झाडाला तोंडानं गोळी घालत होती.

मी एकटीच लांब उभी, पोरीला कडेवर घेऊन, चाप कोणी दाबेल म्हणून डोळे बारीक करून. चाप मात्र कोणी दाबला नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती, किंवा भीती. त्यावरूनच मग वाद सुरू झाला, खरं की खोटं. काका म्हणाले, वजनावरून खरं. पदेर परत आलेला, तो म्हणाला, खऱ्याला पुढे भोक असतं. बघितलं, तर भोक होतं. मग म्हणाला, भोक मोठं असतं.

"भांडतास कित्याक," मांय म्हणाली. "देवाक विचारूया."

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे म्हैस हरवली तरी देवाला विचारतात. ताम्हणात जास्वंदीची फुलं, त्यात पिस्तूल, वर केळीचं पान झाकून मांय पुढे, वाडा मागे. देवळात गुरव म्हणाला, "आत चामड्याची वस्तू चालत नाय." बघितली. चामड्याची नव्हती. म्हणून चालली.

पाकळ्या लावल्या. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या सुनेच्या घरात ही वस्तू इली आसा. खरी आसा तर उजवी दी, खोटी आसा तर डावी दी, आणि लेकरांचो घोर दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी मनात डावी, डावी, डावी म्हणत होते. समईची वात तडतडली. पोरगी खाजं चघळत होती, तेवढाच आवाज.

उजवी पडली.

मी तिथेच बसले. खरं पिस्तूल. आता ह्याला नेणार. गुरव हात जोडून झाल्यावर ताम्हणाकडे बघत हळूच म्हणाला, "मी सोवळ्यात आसंय म्हणून, नायतर बघितलं असतं हातात कसा बसता."

आणि नेमका तेव्हाच घोव आला. हसत. मागे स्कूटरवर एक जाडा पाहुणा, मुंबईकडचा, फुलाफुलांचा शर्ट घातलेला. "अगो, कायच नाय," घोव लांबूनच म्हणाला. "लायटर हा तो. सिगरेट पेटवायचो. ह्यांची पार्टी होती, सगळ्यांनी गुप्तहेर होऊन यायचा होता. चाप दाबला काय पुढसून ज्योत येता. दाखवतंय बघ." असं म्हणून त्यानं ते ताम्हणातून उचललं.

तो सुटला म्हणून मला रडू आलं, आणि त्याच्या गळ्यात पडणार एवढ्यात मांय मधे आली. "दाबू नको," ती म्हणाली.

"कित्याक?"

"देवान खरी म्हणून सांगितल्यान."

देवळात सगळ्यांनी आधी मूर्तीवरच्या पाकळ्यांकडे बघितलं. मग हळूहळू एकेकाच्या तोंडावर दिसायला लागलं. ज्योत आली तर कौल खोटा. हा कौल खोटा तर मग दोन भावांनी कौलावर जमिनीचा बांध घातला तो? काकांच्या मुलीचं लग्न कौलावर मोडलं ते? आणि मी घोवाकडे बघितलं, घोवानं माझ्याकडे बघितलं. त्याचं हसणं तिथेच थांबलं. चापावरचं बोट त्यानं असं काढलं, जसं तापलेल्या तव्यावरून काढतात.

पाहुण्याला यातलं काही कळलं नाही. त्यानं थँक्यू म्हणून वस्तू घेतली, देवळाबाहेर पायरीवर जाऊन सिगरेट तोंडात धरली आणि पिस्तूल तोंडाकडे नेलं. सगळा वाडा त्याच्यावर धावला. मासळीवालीकडे पण काडेपेटी निघाली. मास्तरांनी एक काडी पेटवली, पंचायतवाल्यानं दुसरी, काकांनी गुडघ्यांवर उडी मारून तिसरी, गुरव निरांजन घेऊनच निघालेला, उंबऱ्यावर त्याला आठवलं आपण काय करतोय, तसा मागे फिरला. पाहुण्याच्या तोंडाभोवती एवढ्या काड्या, की त्याच्या मिशा थोड्या जळल्या.

"गोव्याची माणसं काय प्रेमळ आहेत," तो म्हणाला आणि पिस्तूल खिशात घालून गेला. शर्टाचा खिसा फुगला नाही. काकांनी सगळ्यांना तो दाखवला.

मला वाटलं संपलं. घोव जेवताना म्हणाला, "लायटरच होतो गो, मालकान सांगितला." मी म्हटलं, "तुम्ही डोळ्यांनी ज्योत बघितली?" तो भात कालवत राहिला. मी म्हटलं, "मग मला बायको कौलानं केली ते पण मालकाला विचारा." तो उठून हात धुवायला गेला. आमच्यात भांडण नाही, पण त्यानंतर तो मला देवाक सांग म्हणत नाही. नुसता बघतो. मी पण बघते. कोणाला तरी पत्ता विचारून चुकीच्या घरात येऊन बसल्यासारखे आम्ही दोघं जेवतो, आणि वाढताना मी त्याला आणखी भात हवा का हे दोनदा विचारते.

पदेर रोज आमच्या दारात आला की भोंपू वाजवून हात वर करतो. उंडे मात्र मऊ असतात.

आणि परवा बोचकं आलं, सोडलं, तर अभ्र्यात तेच. मी घोवाला फोन लावला. तो म्हणाला, पाहुणा घरी गेला, विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून आपल्या बायला खेळायला दिलं. विमानात नेऊ देत नाहीत. आता मला सांगा, विमानात लायटर नेऊ देत नाहीत आणि पिस्तूल पण नेऊ देत नाहीत, यातून मी काय समजायचं?

ते परत डालग्याखाली ठेवलं होतं, वर पाटा. मांय देवळात गेलीय, घोव कामावर, पोरगी झोपलीय. घरात मी एकटी आणि कोंबड्या. पाटा मी सरकवलाय. डालगं काढलंय. हातात घेतलंय, एकदा, नुसतं वजन बघायला. ज्योत आली तर माझा माणूस पोलिसांपासून सुटला, पण मग तो माझा कोणाच्या सांगण्यावरून? ज्योत नाही आली तर तो देवानंच दिलेला, शंभर टक्के माझा, आणि त्याला धरून नेतील.

बोट चापावर आहे. नेम विहिरीकडे धरलाय. आणि आत्ता लक्षात येतंय की मी आडवी उभी आहे, हनुवटी खाली, आणि एक भुवई वर गेलीय, ती खाली येत नाहीय. तुम्ही माझ्या जागी असता, तर तुम्ही काय केलं असतं?