राखणीच्या बाटलीतला काकांचा वाटा

भाईकाका आज सकाळी गेले.

दारूने नाही. हे आधी लिहिते, कारण अर्ध्या वाडीने त्यांचं मरण दारूच्याच नावावर टाकून ठेवलं होतं.

वय झालं होतं, हार्ट थकलं. बस्स.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जहाजावरची नोकरी संपवून गावी आले आणि बाटलीला चिकटले. सोडायचे, परत धरायचे. काकूने तर आशाच सोडली होती.

मी लॅबमध्ये काम करते. दारूची सवय लागलेल्या उंदरांच्या मेंदूत काय होतं, हा माझा विषय. काकांना त्याचं फार हसू.

"काय गो, उंदरांना दारू पाजतंस? माणसं कमी पडली काय?"

एकदा मी नीट बसवून सांगितलं. उंदीर सुरुवातीला मजेसाठी पितो. पुढे मेंदूत ताणाचं केमिकल वाढतं, मग तो बेचैनी घालवायला पितो. त्या केमिकलचा सिग्नल अडवला की त्याचं पिणं कमी होतं.

काकांनी विचारलं,

"म्हणजे तो उंदीर नालायक नाय?"

"नाही काका. आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी गडी राजापूरहून एसटी पकडून स्वतःच रत्नागिरीला डॉक्टरकडे! औषधं सुरू झाली, दारू सुटली.

पण पुढे राखण आली. वाडी सांभाळणाऱ्या राखणदार देवाला कोंबडा आणि बाटली द्यायची, आणि सगळ्यांच्या वतीने त्याला गाऱ्हाणं घालणाऱ्याने पहिला घोट प्रसाद म्हणून घ्यायचा, ही आमची रीत. गाऱ्हाण्याचा मान काकांचा. ग्लास भरून समोर आला. लांब उभ्या काकूचा चेहरा उतरला.

काकांनी हात जोडले.

"बा राखणदारा महाराजा! माझ्या मेंदूत बिघाड हाय, पुतणीच्या उंदरासारखा! एक घोट घेतला तर मी थांबायचा नाय! तर आजपासून माझा वाटा तूच घे रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला हुंकार द्यायची सगळ्यांना सवय. अख्खी वाडी ओरडली, "होय महाराजा!"

झालं! देवासमोर दिलेला होकार परत कोण घेणार?

ग्लास भरणारेच सगळ्यात मोठ्याने ओरडले होते. काकांनी तो राखणदाराच्या दगडावर रिकामा केला. काकू रडता रडता हसत सुटली. मी चक्क शिट्टी मारली.

त्यानंतर काकांनी थेंबही घेतला नाही.

आज काकूचा हात हातात होता. तिला नावाने हाक मारली, आणि गेले. पूर्ण शुद्धीत.

जिंकलात, काका.

सावकाश जा. मनापासून नमस्कार.