कोरडा दोरा

बोरी अरबच्या बाजारात वाण्याच्या ओट्यावर एका शिंप्याचं शिलाई मशीन असे. भर वैशाखातही त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत असत, बटणं लावलेल्या. सुई ओवताना दोरा जिभेवर ओला करायचा आणि टाका संपला की दातांनी तोडायचा, ही त्याची सवय. मग जिभेवर लाल चट्टे उठले, कडेला पांढरी किनार. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली आणि गिऱ्हाईक आटलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी जीभ पाहिली, मग बाह्या वर करायला लावल्या. कोपरांवर पांढरे पापुद्रे होते. जिभेचा बारीक तुकडा काढून त्यांनी तपासायला नागपूरला पाठवला. तिकडून इंग्रजी कागद आला, तो घेऊन शिंपी माझ्याकडे शाळेत आला.

मी वाचून सांगितलं, "महारोग नाही, कॅन्सर नाही. सोरायसिस आहे. कोपरावरचंच तोंडात आलंय. कोणाला लागत नाही."

"हे जाईन काय, गुर्जी?"

"ते कागदात नाही."

त्याने घडी करून कागद खिशात ठेवला.

पुढे मुलीच्या बाळासाठी कुंची शिवायला मी मुद्दाम त्याच्याकडेच गेलो. कोरडा दोरा धरून तो सुईच्या नेढ्याशी झटत राहिला. चारदा चुकला. शेवटी सुई-दोरा माझ्यापुढे केला.

"तुमीच ओवा, गुर्जी. मले दिसून नाही राह्यलं."

त्याची नजर चांगली होती. मी ओवून दिली.

कुंची हातात देताना तो म्हणाला, "घरी नेल्यावर उकळत्या पान्यात टाकजा."

"कायले? कागद तर मीच वाचला."

तो मशीनवरची कात्रणं झाडू लागला.

घरी आल्यावर मी चुलीवर आधण ठेवलं.