सुकलालची खुर्ची

आमच्या गावच्या शाळेत दोनच खुर्च्या होत्या. एकीत गुरुजी बसायचे आणि दुसरीत सुकलाल.

सुकलाल म्हणजे माझा शेजारी. भिंतीला भिंत, बांधाला बांध. तो शाळा समितीचा अध्यक्ष झाला आणि मी नुसता सभासद! (सभासदाला सतरंजी.) माझी काशी चौथीत, त्याचा पोरगा दुसरीत. मग मोठी पोर कुणाची? माझी! आणि खुर्चीत कोण? तो! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मुंबई राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला शहाद्याला जायचं, आणि पोरीला एवढ्या लांब कोण धाडणार? काशी रोज विचारायची, "बापू, आपला गावमा पाचवी येई का?"

तालुक्याहून निरोप आला, शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार. चाळीस पोरं समोर बसलेली दिसली तर पाचवी मिळेल! दिवस नेमके वेचणीचे, निम्मी शाळा कापसात. सुकलाल घरोघर हात जोडत फिरू लागला.

म्हणजे पाचवी आली तर नाव त्याचं होणार! माझ्या पोटात दुखायला लागलं. मी बेत केला. साहेब येतील, शाळा अर्धी रिकामी, सुकलालचं तोंड एवढंसं, आणि तेवढ्यात मी पोरांची वरात घेऊन हजर! साहेब यायच्या दिवशी सकाळी सुकलाल उठायच्या आत मी वीस-पंचवीस पोरं गोळा केली आणि शाळेमागच्या माझ्या वावरात दडवली. रिकामी बसली तर कालवा करतील, म्हणून वेचणीला लावली. (समाजसेवा झाली, वेचणीही झाली!)

बायको म्हणाली, "तुम्हले शाळानी काळजी शे का खुर्चीनी?"

"पोरनी!" मी ओरडलो. पोर पुढच्या ओळीत वेचत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

जीप आली. मी हाक दिली, "चाला रे शाळामा!"

एक पोरगं हलेना. "पहिले कापूस मोजा, मंग येसूत."

वेचलेला कापूस मोजल्याशिवाय वावर सोडायचं नाही, हा आमच्या मुलखाचा कायदा. आणि तागडी राहिली घरी! मी विनवलं, दटावलं, शेवटी पाया पडायच्या बेताला आलो. "अरे, गाठोडासंगे चाला! शाळामा मोजसूत!"

साहेबांना काय दिसलं असेल? पोरांच्या डोक्यावर गाठोडी, केसांत कापूस, आणि सगळ्यांच्या पुढे फेटा बांधून मी!

"ही शाळा आहे की जिनिंग?" साहेब कडाडले. "बाळ, तुला कामाला कुणी लावलं?"

"मन्हा बापूनी," काशी म्हणाली. (खोटं बोलू नये, हे गुरुजींनी नेमकं तिलाच शिकवलं होतं!)

गेली पाचवी! माझ्याच हातानं घालवली. काशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सुकलाल खुर्चीतून उठला. म्हटलं, आता हा मला पुरता बुडवणार. त्याच्या जागी मी असतो तर बुडवलंच असतं.

"साहेब," तो माझ्याकडे हात करून म्हणाला, "तकलीच्या तासाला सूत कातायला कापूस नव्हता. आमच्या या नानांनी आजची वेचणी शाळेला दान दिली. पोरांनी आपल्या हातानं वेचून आणली."

(काय ते शुद्ध मराठी! त्याचाही मला हेवा वाटला.)

साहेब विरघळले. चाळीस पोरं भरली, पाचवी मंजूर! माझा कापूस शाळेच्या कोपऱ्यात गेला, आणि "अध्यक्ष असा हवा" ही शाबासकी सुकलालला!

"माले कसाले वाचाडं?" मी नंतर त्याला विचारलं.

"पाचवी काशीनी व्हती," तो म्हणाला. "तू नुसता मधमा उना." (मध्ये आलो होतो खरा!)

काशी पाचवी शिकली, पुढचे वर्गही गावातच निघाले आणि ती सातवी पास झाली. शाळेत उरलेल्या माझ्या त्या कापसाची सरकी काढून तिनं शिवणाच्या तासाला एक गादी शिवली. कुणासाठी? सुकलालच्या खुर्चीसाठी! त्या खुर्चीत बसायचं माझ्या नशिबी आलं नाही ते नाहीच. पण तिच्यात माझाही वाटा होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. सुकलालच्या बुडाखाली होता, एवढंच!